विजयदुर्गचें एक चित्र आणि त्याचा चित्रकार



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. बारामती-इंदापूरकडील एका निवृत्त शाळामास्तरानें समुद्राच्या चित्रांविषयीं बोलावें, हा योग तसा विचित्रच. आमच्या मुलखांत पाण्याची गोष्ट निघाली, कीं ती नीरेच्या कालव्याची पाळी, विहिरीला लागलेला खडक आणि मृगाचे ढग यांपलीकडे सहसा जात नाहीं. उजनीचें धरण होऊन भीमेचें पाणी पसरलें, त्याला आतां चाळीसांवर वर्षें झालीं. भिगवण-पळसदेवच्या बाजूला होड्या आणि जाळीं दिसूं लागलीं. तरी खारें पाणी आमच्यापासून दूर तें दूरच राहिलें. तेव्हां हा विषय कां घेतला, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

सुपें आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींतले. इंदापुराशीं मालोजीराजांचेंहि नांव निगडित आहे. अशा कोरड्या पठारावर ज्या घराण्याचीं मुळें रुजलीं, त्याच घराण्यांतील शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधविलीं आणि १६६४ सालीं मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. समुद्र ज्याच्या अंगणांत नव्हता, त्याला समुद्राची किंमत कळली होती. त्या आरमाराचा वारसा कान्होजी आंग्र्यांनीं वाढविला. आणि त्या वारशाचा फार मोठा भाग १७५६ सालीं विजयदुर्गाच्या खाडींत एका दिवसांत जळून गेला. त्या लढाईचें एक तैलचित्र लंडनजवळ ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. चित्रकाराचें नांव डॉमिनिक सेरेस. हा चित्रकार कोण होता, त्याची विद्या कोणत्या प्रकारची होती, आणि आपण महाराष्ट्रीयांनीं त्याचें हें चित्र कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

इंग्लंड हें बेट खरें. परंतु समुद्राचें चित्र काढण्याची विद्या तेथें उपजत नव्हती. ती हॉलंडांतून आली. व्हान डे व्हेल्डे नांवाचे बापलेक १६७२-७३ च्या सुमारास हॉलंड सोडून लंडनला आले. दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७४ सालीं दोघांनाहि दरसाल शंभर शंभर पौंडांची नेमणूक करून दिली. बापानें समुद्रावरील लढायांचे आराखडे काढावयाचे आणि मुलानें ते रंगांत उतरवावयाचे, अशी कामाची वांटणी होती. बाप स्वतः होडी घेऊन लढाईच्या जागीं जाई आणि कोणतें जहाज कोठें उभें होतें हें कागदावर टिपून ठेवी. राज्यकर्त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती. लढाई जिंकली एवढ्यानें भागत नाहीं. ती जिंकलेली दिसावी लागते, आणि नातवापणतवांपर्यंत दिसत राहावी लागते. त्यासाठीं तोफखान्यावर खर्च करावा तसा त्यांनीं कुंचल्यावरहि खर्च केला.

राजाचें हें शहाणपण व्यापाऱ्यांनींहि उचललें. १७३२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनें लंडनमधील आपल्या बैठकीच्या दालनासाठीं सहा चित्रें करवून घेतलीं. मुंबई, मद्रास, कलकत्ता, तेलिचेरी, आफ्रिकेच्या टोंकाचें केप आणि सेंट हेलेना बेट, हीं तीं सहा ठिकाणें. जहाजें सॅम्युअल स्कॉट या समुद्रचित्रकारानें काढलीं आणि जमिनीचा देखावा जॉर्ज लॅम्बर्टनें. या दोघांपैकीं कोणीहि हिंदुस्थानांत पाऊल टाकलेलें नव्हतें. कंपनीचे धनी त्या भिंतींखालीं बसून ज्या मुंबईविषयीं निकाल देत, ती मुंबई त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं केवळ भिंतीवरच पाहिली होती.

आतां सेरेसकडे वळूं. इंग्रज आरमाराच्या विजयांचा हा चित्रकार जन्मानें इंग्रज नव्हता. तो फ्रेंच होता. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गॅस्कनी म्हणून प्रांत आहे. त्यांतील ओश गांवीं १७२० च्या आगेंमागें त्याचा जन्म झाला. घरच्या मंडळींना मुलानें धर्मोपदेशक व्हावें असें वाटत होतें. मुलाच्या मनांत तें नव्हतें. तो घर सोडून स्पेनकडे गेला, जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि पुढें एका व्यापारी जहाजाचा मुख्य झाला, असें त्याच्या चरित्रांत सांगतात. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वैराचे ते दिवस होते. इंग्रजांच्या लढाऊ जहाजानें त्याला पकडलें आणि कैदी म्हणून तो इंग्लंडला आला.

कैदी म्हणून आलेला हा मनुष्य तेथेंच स्थायिक झाला. चार्ल्स ब्रूकिंग नांवाच्या तरुण इंग्रज समुद्रचित्रकाराच्या सहवासांत त्याच्या हातास वळण लागलें. ब्रूकिंग १७५९ सालीं अल्प वयांतच वारला, आणि त्यानंतर सेरेसचा उत्कर्ष होत गेला. कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदराचे देखावे, इंग्रजांनीं १७६२ सालीं जिंकलेल्या हवानाच्या मोहिमेचीं चित्रें, अशीं मोठमोठीं कामें त्याच्याकडे आलीं. १७६८ सालीं लंडनमध्यें राजाश्रयानें रॉयल अकॅडमी ही कलासंस्था निघाली, तेव्हां तिच्या संस्थापक सभासदांत त्याचें नांव होतें. १७८० सालीं तिसऱ्या जॉर्ज राजाचा समुद्रचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली. शेवटीं तो अकॅडमीचा ग्रंथपालहि झाला, आणि १७९३ सालीं निवर्तला. त्याचा मुलगा जॉन टॉमस यानेंहि बापाचाच धंदा चालविला. जहाजांचीं चित्रें काढूं इच्छिणाऱ्यांसाठीं त्यानें १८०५-०६ मध्यें एक सचित्र पाठ्यग्रंथ काढला, त्यांत बापाचींहि चित्रें आहेत.

या चित्रकाराचा गुण कोणता म्हणाल, तर तो मुळांत खलाशी होता. नुसता चित्रकार लाट चांगली काढील, ढगहि काढील. परंतु कोणत्या वाऱ्याला कोणतें शीड उघडतात, कोणतें गुंडाळतात, आणि कोणता दोर कोठें बांधतात, हें त्याला ठाऊक नसतें. समुद्रचित्राची खरी परीक्षा वाऱ्यावर होते. चित्रांत वारा दिसत नाहीं. पण निशाण, शिडें, तोफेचा धूर आणि लाटेचा फेंस हीं सर्व त्याचीच साक्ष देत असतात. या साक्षींचा मेळ बसला नाहीं, तर जाणता दर्यावर्दी तें चित्र तत्काळ बाजूला सारतो.

शाळेंत मीं मुलांना पुष्कळदां गलबताचें चित्र काढावयास सांगितलें आहे. आमच्याकडील मुलांनीं समुद्र पाहिलेला नसे. ती शीड उजवीकडे फुगवीत आणि निशाण डावीकडे फडकवीत. तेव्हां मी त्यांना शेतांतील खळ्याची आठवण देई. वारा सुटला म्हणजे भूस एका अंगाला उडतें आणि बायकांचे पदरहि त्याच अंगाला उडतात, हें सांगितलें कीं मुलें आपण होऊन निशाण पुसून पुन्हां काढीत. सेरेसची विद्या या खळ्यावरच्या विद्येहून निराळ्या जातीची नव्हती. जें काढावयाचें त्याचा धंदा ठाऊक असला पाहिजे, हेंच तिचें सार.

आतां त्या लढाईची हकीकत. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली आणि आरमाराचे दोन भाग झाले. पुढें विजयदुर्गची बाजू तुळाजी आंग्र्याकडे आली. तुळाजी पराक्रमी होता, परंतु कोणाचें ऐकणारा नव्हता. तो पेशव्यांची सत्ता मानीना, आणि इंग्रजांचीं, डचांचीं व इतरांचींहि जहाजें तो धरी. नानासाहेब पेशव्यांनीं त्याला जरब बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांशीं तह केला. मार्च १७५५ मधला हा तह. त्याप्रमाणें एप्रिलमध्यें कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला. विलायतेंत या विजयाचें एवढें कौतुक झालें, कीं जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें १७८४ सालीं लंडनजवळ शूटर्स हिल या टेकडीवर एक बुरुज बांधविला. त्याचें नांव सेव्हर्नड्रूग! आपल्या सुवर्णदुर्गाचाच हा अपभ्रंश. तो बुरुज अद्याप उभा आहे.

पुढील वर्षीं विजयदुर्गची पाळी आली. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत. ॲडमिरल वॉटसन मोठें आरमार घेऊन फेब्रुवारी १७५६ मध्यें मुंबईहून निघाला. केंट, कंबरलंड, टायगर, सॅलिस्बरी अशीं पन्नास-साठ तोफांचीं आणि त्याहूनहि मोठीं जहाजें त्यांत होतीं. जमिनीवरच्या फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. खुष्कीच्या वाटेनें पेशव्यांची फौज आली होती. तुळाजी बोलणें करण्यासाठीं पेशव्यांच्या छावणींत गेला, तो तेथेंच अडकला. १२ फेब्रुवारीस इंग्रज जहाजांनीं खाडीच्या तोंडांत शिरून किल्ल्यावर मारा सुरू केला. त्या माऱ्यांत एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडून पेट घेतला. आंग्र्यांचीं गुराबें आणि गलबतें किल्ल्याच्या आश्रयानें एकमेकांना लागून उभीं होतीं. आग एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि पाहतां पाहतां सारें आरमार पेटलें. दुसरे दिवशीं किल्ला इंग्रजांच्या हातीं आला.

हा पराभव भ्याडपणाचा नव्हता, हें येथें सांगितलें पाहिजे. आंग्र्यांचीं जहाजें वेगळ्या युद्धासाठीं बांधलेलीं होतीं. गुराबेच्या नाळेवर तोफा. गलबताला शिडाखेरीज वल्हीं. वारा पडला, कीं परक्यांचें जड जहाज जागच्या जागीं लटके, आणि आपलीं हलकीं गलबतें वल्ह्यांनीं त्याच्या पिछाडीस येऊन मारा करीत. उथळ खाडींत शिरून तीं दिसेनाशीं होत. उघड्या समुद्रावर हालचाल करावी, हेंच त्यांचें बळ. परंतु त्या दिवशीं तीं बांधल्या जागीं सांपडलीं, आणि समोर दुमजली तोफांची भिंत उभी राहिली. नेता छावणींत अडकलेला, जमिनीकडील वाट स्वकीयांनींच धरलेली. अशा स्थितींत शौर्याला वावच उरला नाहीं.

पुढचा भाग अधिक कडू आहे. किल्ल्यांत सुमारें दहा लाख रुपयांची लूट मिळाली. ती इंग्रजांच्या आरमारानें आणि फौजेनें आपसांत वांटून घेतली, पेशव्यांच्या लोकांस भाग दिला नाहीं. किल्ला पेशव्यांस द्यावयाचा, तोहि इंग्रजांनीं कांहीं महिने सोडला नाहीं. ऑक्टोबर १७५६ च्या तहानें बाणकोट आणि दहा गांवें पदरांत पडल्यावर सोडला. तुळाजीचें उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें. आणि वॉटसन व क्लाइव्ह? ते येथून मद्रासेस आणि तेथून बंगालकडे गेले. जानेवारी १७५७ मध्यें कलकत्ता, मार्चमध्यें फ्रेंचांचें चंद्रनगर, आणि जूनमध्यें प्लासी! चंद्रनगरवर मारा करणाऱ्या जहाजांत विजयदुर्गावर आलेलीं केंट, टायगर आणि सॅलिस्बरी हीं होतीं. सेरेसनें त्या चंद्रनगरच्या लढाईचेंहि चित्र काढलें आहे.

आपण आतां मूळ चित्राकडे येऊं. चित्र १७७१ सालचें आहे. म्हणजे लढाईनंतर पंधरा वर्षांनीं काढलेलें. सेरेस विजयदुर्गास कधीं आला नव्हता. अशा वेळीं चित्रकार जहाजावरील अधिकाऱ्यांच्या आठवणी, त्यांचे नकाशे आणि टांचणें यांवर भिस्त ठेवीत. जहाजें त्याच्या ओळखीचीं, तेव्हां तीं बिनचूक यावयाचीं. किल्ला ऐकीव, तेव्हां तो ऐकीवच यावयाचा. यांत लबाडी आहे असें मी म्हणत नाहीं. सेरेस प्रामाणिक कारागीर होता. परंतु साक्षीदार कितीहि प्रामाणिक असला, तरी तो जेथें उभा असतो तेथूनच पाहतो. आणि या चित्रांतील साक्षीदार इंग्रजी जहाजावर उभा आहे. आपल्याला किल्ला समुद्राकडून दिसतो, शत्रूला दिसला तसा. तटावरच्या गोलंदाजाला तोच समुद्र कसा दिसला, हें सांगणारा दुसरा चित्रकार मात्र नाहीं.

शिवाय चित्र म्हणजे एक क्षण. तह त्यांत मावत नाहीं, भाऊबंदकी मावत नाहीं, कैद मावत नाहीं. नानासाहेबांनीं परक्याच्या हातानें आपल्याच दर्याचें कुंपण मोडलें, हें त्या धुरांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. तें आपल्याला कागदांतून वाचावें लागतें, आणि तशी सामग्री आपल्याकडे पुष्कळ आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पेशवे दफ्तर पुण्यांत आहे. राजवाड्यांसारख्या संशोधकांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दफ्तरें गोळा केलीं. म्हणजे लेखणी आपल्याकडे होती. चित्रकाराला आरमाराबरोबर धाडण्याची रीत मात्र आपल्याकडे पडली नाहीं.

येथें मला आमच्या बारामतीची आठवण होते. ज्या १७२९ सालीं कान्होजी वारले, त्याच सालीं मोरोपंतांचा जन्म. सेरेस १७९३ सालीं गेला, पंत १७९४ सालीं गेले. असे हे दोघे समकालीन. कऱ्हेच्या कांठीं, पेशव्यांचे आप्त बाबूजी नाईक यांच्या आश्रयास राहून, पंतांनीं सारें महाभारत आर्यावृत्तांत उतरविलें. कुरुक्षेत्रावरच्या बाणांचें वर्णन करण्यांत त्यांची वाणी थकली नाहीं. त्याच काळांत सेरेस आपल्या आश्रयदात्यांचीं कालपरवांचीं युद्धें रंगवीत होता. पंतांना मी उणें म्हणत नाहीं. त्यांच्या भारतानें आमच्या घराघरांत धर्म आणि भाषा जागी ठेवली. परंतु एका समाजानें आपला पंडित पुराणकाळाकडे लावला आणि दुसऱ्यानें आपला कारागीर चालू काळाकडे लावला, याचा परिणाम आपण आज भोगतों. विजयदुर्गची लढाई पाहावयाची, तर आपल्याला ग्रीनिचला जावें लागतें.

आमच्या हातांत ती कलाच नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. अजिंठा समुद्रापासून किती दूर! तरी तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं कोणा अज्ञात चित्रकारानें तीन डोलकाठ्यांचें, शिडें उभारलेलें जहाज रंगविलें आहे. मुंबईस बोरिवलीजवळ एकसर येथें वीरगळ आहेत; त्यांवर वल्हीं मारणाऱ्या नौकांच्या रांगा आणि समुद्रावरील झुंज कोरलेली आहे. ज्याला धारातीर्थीं मरण आलें, त्याच्या गांवच्या लोकांनीं पाथरवट बोलावून त्याची लढाई दगडांत उतरवून घेतली. म्हणजे स्वतःची लढाई स्वतः चितारण्याची चाल या भूमींत होती. ती पुढें सुटली.

ती पुन्हां धरतां येईल काय? माझ्या मतें येईल, आणि त्यासाठीं राजाश्रयाची वाट पाहावयास नको. शाळांच्या सहली विजयदुर्गास, सुवर्णदुर्गास जातात. मुलें तटावर चढतात, फराळ करतात आणि उतरतात. त्यांच्यापैकीं दहांनीं जरी एक एक कागद घेऊन, तटावर बसून, खाडी कशी दिसते हें रेखाटलें, तरी सेरेसच्या चित्राची दुसरी बाजू उभी राहावयास लागेल. कोठें पाणी उथळ आहे, वारा कोणत्या महिन्यांत कोणीकडून येतो, गलबत कोठें लपत असेल, हें तेथल्या कोळ्यांना आणि गाबितांना विचारावें. सेरेसला जें विचारतां आलें नाहीं, तें आपल्या मुलांना विचारतां येईल. समुद्र पाहिलेला नाहीं ही सबब सेरेसनें सांगितली नाहीं. त्यानें समुद्राचा धंदा शिकून घेतला. आमच्या इंदापूर तालुक्यांतील मुलांनाहि ती सबब नको. शिडाचें आणि वाऱ्याचें गणित उजनीच्या पाण्यावरहि तेंच आहे.

परक्यानें काढलेलें आपलें चित्र फाडून टाकावयाचें नसतें. तें नीट पाहावयाचें असतें. त्यांतील जहाजें पाहून त्याच्या विद्येला मान द्यावा, त्यांतील किल्ला पाहून त्याच्या अज्ञानाची नोंद करावी, आणि त्यांत जें नाहीं तें आपण भरून काढावें. डॉमिनिक सेरेस हा एक कैदी होता. ज्यांनीं पकडलें त्यांचाच इतिहास त्यानें रंगविला, आणि तो उत्तम रंगविला. आपण तर स्वतंत्र आहों. आपला इतिहास आपल्या तटावरून पाहून रंगविण्यास आपल्याला कोणाची आडकाठी आहे?